हिंगणी चार बोटं दूर

सेलूच्या बाजारात आठवडाभर एक नवीनच थट्टा चालली होती. महादेव वस्त्र भांडारचा भूपेंद्र वर्ध्याला जाऊन उजव्या गुडघ्याची वाटी बदलून आला, आणि विचारपूस करायला येणाऱ्या प्रत्येकाला, फळांची पिशवी हातातून खाली ठेवायच्या आत, एकच विचारू लागला, "तुह्या पाहण्यात एखादा गेम आहे काय? मोबाईलवरचा म्हन, कॉम्प्युटरवरचा म्हन. राज्यही आपणच उभं कराचं अन् लढाईही आपणच लढाची, असा?"

लोक गुडघा बघायला येत आणि डोकं खाजवत जात. समोरचा किराणावाला नत्थू तर बाहेर येऊन चार लोकांत म्हणाला, "वाटी गुडघ्याची बदलली म्हनतात, पण मले तं वाटते डॉक्टरनं वरच्या मजल्यावरही हात फिरवला."

त्रेपन्न वर्षांचा बाप्या माणूस. डोक्यावरचे केस अर्धे गेलेले, उरलेले पांढरे. उभं आयुष्य दुकानातल्या गादीवर मांडी घालून कापड विकण्यात गेलं, आणि आता डॉक्टरनं सांगितलं की मांडी कायमची बंद. खुर्ची घ्या, वॉकर घ्या, आराम करा. पण आराम करायचा कसा, हे काही भूपेंद्रला कोणी शिकवलं नव्हतं. त्याची बायको रीता पहिल्या दिवशी हसली, दुसऱ्या दिवशी वैतागली. "अजी, लोक दुखण्यात देवाचं नाव घेतात. तुमी काऊन राज्य घेऊन बसले?"

मुलगी अंजू नागपूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत. बापासाठी पंधरा दिवस घरून काम करायची परवानगी काढून आली होती. तिनं बिचारीनं मनावर घेतलं. मोबाईलवर एकामागून एक सात-आठ गेम उतरवून दिले. पहिल्यात गाव वसवायचं होतं, विहिरी खणायच्या, गोठे बांधायचे. भूपेंद्रनं दोन तास गोठे बांधले आणि विचारलं, "दुश्मन कुठी आहे?" दुश्मन नव्हताच. दुसऱ्यात नुसती मारामारी, शेतीचा पत्ता नाही. "हे शिपाई खातात काय? वारा?" असं म्हणून तो बंद केला. तिसऱ्यात दोन्ही होतं, पण किल्ल्याची भिंत बांधायला आठ तास थांबा नाहीतर हिरे विकत घ्या. भूपेंद्रनं मोबाईल उशीवर आपटला. "हा गेम नाई, हे तं वसुली आहे!"

"बाबा, तुम्हाला नक्की कसला पाहिजे?" अंजूनं हात टेकले.

"आमच्यासारखा," भूपेंद्र म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

आता हे 'आमच्यासारखा' म्हणजे काय, ते सांगायला हवं. आणि ही गेमची हुक्की नेमकी आताच काऊन आली, तेही. दवाखान्यातून घरी आला त्याच संध्याकाळी रीतानं चहा देता देता सहज सांगितलं होतं, "मागच्या गल्लीतलं नाना मास्तरांचं घर विकलं म्हने. धनंजयनं घेतलं. पुढच्या शुक्रवारी रजिस्ट्री आहे, त्यांचा अनय येऊन राह्यला पुण्याहून." भूपेंद्रनं कप हातातच धरून ठेवला. चहा थंड झाला. घर गेलं की अनयला सेलूत यायचं कारण उरत नव्हतं. आणि गेमचा धोशा लागला तो दुसऱ्या दिवसापासून. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं कोणी म्हटलं असतं, तर भूपेंद्र वॉकर घेऊन मारायला धावला असता.

नाना हायस्कुलात गणित शिकवायचे. अनय त्यांचा एकुलता एक. आणि भूपेंद्र महादेवरावांचा. मास्तरचा पोरगा आणि दुकानदाराचा पोरगा, पण सहावीपासून बारावीपर्यंत दोघांत सुतळीभर अंतर नव्हतं. अन्या आणि भुप्या. एकाला ताप आला की दुसऱ्यानं शाळा बुडवायची, इतकं.

आठवीच्या उन्हाळ्यात महादेवरावांकडे मांजरपाटाचा एक ताका आला, त्याची वीण मधेमधे फसकली होती. असं कापड गिऱ्हाइकाला द्यायचं नाही हा महादेवरावांचा नेम. त्यांनी त्यातलं तीन मीटर फाडलं आणि पोरांच्या अंगावर टाकलं, "जा, काही करा त्याचं." त्या पोट्ट्यांनी त्याचं राज्य केलं.

काय सुंदर राज्य होतं ते! निळ्या शाईनं बोर नदी काढली, वरपासून खालपर्यंत नागमोडी. वरच्या अंगाला हिंगणीचं जंगल आणि त्यात अनयचा किल्ला. खरा किल्ला असो नसो, नकाशात होता. खालच्या अंगाला सेलूचा बाजार, केळीचे बगीचे, कपाशीची शेतं, ते भूपेंद्रचं. दुकानातली बटणं म्हणजे गावं. सरकीचे दाणे म्हणजे पायदळ, चिंचोके म्हणजे घोडे आणि रिठे म्हणजे हत्ती. आधी गावं वसवायची. सहा कवड्या फेकून पाऊस किती झाला ते बघायचं. पाऊस झाला तर धान्य, धान्य असेल तेवढीच फौज. फौज वाढवली की शेतात माणसं कमी. अनयनं एकदा सगळ्या गड्यांना शिपाई केलं आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या राज्यात असा दुष्काळ पडला की हत्ती विकून त्यानं भूपेंद्रकडूनच ज्वारी घेतली. आणि मग लढाई. ती फासे टाकून नाही. सैन्य कोणत्या वाटेनं न्यायचं, नदी कुठं उतरायची, मुक्काम कुठं करायचा, सगळं स्वतः ठरवायचं.

मोजायला होता जुना लाकडी गज. मीटर आल्यापासून तो कोपऱ्यात पडून होता. त्याचा पाव भाग करवतीनं कापून घेतला, नऊ इंचांचा, एका टोकाला पितळी टोपी. घोडे एका दिवसात पाव गज जाणार, पायदळ त्याच्या निम्मं. ज्याची फौज त्यानं मोजायची. जिथं मुक्काम पडेल तिथं गठ्ठ्यांवर नाव लिहायच्या जांभळ्या पेन्सिलीनं खूण करायची. ती पेन्सिल एकदा कापडाला लागली की धोब्याच्या बापाकडूनही निघत नसे.

मे महिन्याच्या दुपारी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं. बाहेर ऊन असं की नालीतलं कुत्रं उठायला तयार नाही. महादेवराव मागच्या खोलीत घोरतायत, आणि गादीवर दोन राजे पालथे पडून नदी कुठं उथळ आहे याचा विचार करतायत. मधूनच अनयची आई सुनीतीकाकू शटरखालून वाकून आत यायची, पोराला जेवायला बोलवायला. आली की एखादं पोलक्याचं कापड घेऊनच जायची आणि दरवेळी म्हणायची, "महादेवरावांकडचं कापड घेतलं की शिंपी कधी 'कमी पडलं' म्हणत नाही हो." महादेवराव झोपेतून उठून नुसते हसायचे. भूपेंद्रला आज सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर ते अर्धं शटर आणि त्याखालून येणारी उन्हाची पट्टी. ती पट्टी नदीपर्यंत आली की चार वाजले समजायचे.

पाच उन्हाळे ते एकच युद्ध चाललं. एकोणनव्वदच्या मे महिन्यात ते संपलं.

बारावीची परीक्षा झालेली, अनय इंजिनियरिंगला पुण्याला जाणार हे ठरलेलं. जायच्या आधी निकाल लागलाच पाहिजे असं दोघांनी ठरवलं. भूपेंद्रनं सगळे घोडे एकत्र केले आणि केळीच्या बगीच्यांआडून चार दिवसांच्या मजला मारत हिंगणीवर नेले. अनय गालातल्या गालात हसत होता. त्याचा हिशोब पक्का होता, मास्तरचंच रक्त ते. चौथ्या दिवसाअखेर घोडे नदीच्या पाण्यात सापडणार, आणि पाण्यात मुक्काम पडला की फौज गेली, हा नियम. भूपेंद्रनं चौथी खूण केली. घोडे पलीकडच्या काठावर. किल्ल्याला भिडलेले. हिंगणी पडली.

"परत मोज," अनय म्हणाला.

भूपेंद्रनं मोजलं. घोडे काठावर. मग अनयनं मोजलं. घोडे पाण्यात, चार बोटं कमी. भूपेंद्रनं पुन्हा मोजलं, काठावर. अनयनं मोजलं, पाण्यात. तोच तुकडा, तेच कापड, आणि दोघंही आपापल्या आईची शपथ घ्यायला तयार. तिसऱ्यांदा असंच झालं तेव्हा अनयचं डोकं फिरलं. दुकानात दोन बायका साड्या बघत होत्या. मागच्या दारात महादेवराव उठून उभे राहिले होते. आणि अनय ओरडला, "तुम्ही लोक मापात मारता, ते इथंही मारलंस! चोट्टा!"

साड्या बघणाऱ्या बायका वळून बघू लागल्या. ज्या माणसानं जन्मात कोणाला इंचभर कापड कमी दिलं नाही, त्याच्या गादीवर हा शब्द. महादेवराव रागावले नाहीत. त्यांनी मांजरपाटाची गुंडाळी केली, बटणं-चिंचोके, गजाचा तुकडा, सगळं त्यातच बांधलं, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाले, "अनय बाळा, घरी जा आता. ऊन उतरलं." भूपेंद्रनं बापाचा तो चेहरा पाहिला आणि त्याच्या काळजाला जी घरं पडली ती भरलीच नाहीत. स्वतःला चोर म्हटलं असतं तर त्यानं दोन ठेवून दिल्या असत्या आणि संध्याकाळी दोघं पुन्हा एका सायकलवर फिरले असते. पण बापाला?

पुण्याहून एक पत्र आलं. "चोट्टा म्हणालो ते चुकलं, माफ कर. पण भुप्या, माप चुकलं होतं हे खरं आहे." भूपेंद्रनं शेवटचं वाक्य वाचलं आणि पत्र फाडलं. उत्तर दिलं नाही. पुढं सुनीतीकाकू गेली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्यानं तिरडी जाताना पाहिली. पुढं झाला नाही. त्या दिवशी झालं पाहिजे होतं, हे त्याला कळत होतं. पाय उचलला नाही. महादेवराव गेले, नाना गेले. छत्तीस वर्षं भूपेंद्र मनात एकच वाट पाहत होता, की अनयनं एकदा दुकानात येऊन, गादीसमोर उभं राहून म्हणावं, "भुप्या, तुहं माप बरोबर होतं." बस. आणि आता शुक्रवारी तो येऊन कायमचा जाणार होता.

तर सोमवारी अंजूला गेम सापडला. मोबाईलवर नाही, तिच्या लॅपटॉपवर. कुठल्या दूरच्या देशातल्या तीन-चार पोरांनी बनवलेला, चित्रं साधीच, पण गावं वसवायची होती, पीक पाण्यावर होतं, धान्याएवढीच फौज होती. आणि लढाई आली की नकाशा मोठा होऊन सैन्य स्वतः हलवायचं. मधोमध एक नदीसुद्धा होती! भूपेंद्रनं पाहिलं आणि त्याचे डोळेच चमकले. "हाच! अंजू, हाच तो! अरे बाप्पा, यांले कोनं सांगितलं असंन?" दोन दिवस तो जेवायला उठेना. रीतानं ताट मांडीवर आणून दिलं तर म्हणाला, "थांब, कापणी चालू आहे."

पण बुधवारी गाडी अडली. घोडे नदीपार न्यायचे होते. या गेममध्ये मुक्कामाची जागा आधीच सांगावी लागे. किती दिवसांत कुठं पोचू, ते आपण ओळखायचं. भूपेंद्र काय करायचा, तर पडद्यावर पेन्सिलीचा तुकडा लावून मोजायचा. घोड्याची एक दिवसाची मजल बरोबर त्या तुकड्याएवढी होती. चार तुकडे, म्हणजे चार दिवस, म्हणजे पलीकडचा काठ. हुकूम सोडायचा. आणि चौथ्या दिवशी घोडे पाण्यात. दुश्मन येऊन कापून काढायचा. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्यानं पेन्सिल फेकली.

"चोट्टी आहे तुही मशीन! मापात मारते!"

शब्द तोंडातून निघाला आणि त्यालाच चटका बसला. तोच शब्द. अंजूला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ती हसली. "मशीन कशाला मापात मारेल बाबा? तिला काय दुकान चालवायचंय? पुन्हा मोजा बरं, मी बघते."

त्यानं मोजलं. अंजू वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "थांबा. तुम्ही पेन्सिल लावता, टोकाला अंगठा दाबता, आणि पुढचं माप अंगठ्याच्या पलीकडून धरता. दरवेळी अंगठाभर जागा सुटते."

"मंग? मोजतातच असं."

"कोण मोजतं असं?"

"अख्खी दुनिया मोजते!"

"अख्खी दुनिया नाही बाबा," अंजू म्हणाली. "आपलं दुकान."

भूपेंद्र हात तसाच धरून बसला. पडद्यावरचा अंगठा त्यानं असा पाहिला, की जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे. सातव्या वर्षी महादेवरावांनी त्याला गादीवर बसवून पहिला धडा दिला होता तो हाच. मीटर ठेवायचा, कापड ताणायचं नाही, टोकाला अंगठा दाबायचा आणि पलीकडून पुढचं माप. शेवटी कापतानाही अंगठा सोडून कात्री. "कापड धुतलं की आटते भूपेंद्र. गिऱ्हाइकानं घरी जाऊन मोजलं तं भरलंच पाहिजे." पंचेचाळीस वर्षं त्याचा अंगठा ते करत आला होता. श्वास घेताना कोणी नाकाकडे बघतं का?

"अंजू," तो म्हणाला, "दुकानात चाल. वरच्या फळीवर एक गुंडाळी आहे."

घर दुकानाच्या मागेच. तरी वॉकर टेकत टेकत तेवढं अंतर जायला त्याला दहा मिनिटं लागली. अंजूनं स्टुलावर चढून गुंडाळी काढली, गादीवर उलगडली. धुळीचा लोट उठला, बटणं घरंगळली. मांजरपाट पिवळा पडला होता, पण बोर नदी होती. केळीचे बगीचे होते. आणि नदीकडे जाणाऱ्या चार जांभळ्या खुणा, कालच केल्यासारख्या. भूपेंद्र खुर्चीवर बसला. अंजूनं पोलादी टेप लावला. पहिल्या खुणेपर्यंत नऊ इंच नव्हते. दहाला थोडं कमी. दुसऱ्यापर्यंत तेवढंच. चारही मिळून साडेतीन इंच जास्त. चार अंगठे. चार बोटं.

अन्या खरं बोलत होता. आणि भूपेंद्रही चोर नव्हता. दोघांनी तीन-तीनदा मोजलं आणि दोघांनी खरंच मोजलं. बापानं लोकांना फुकट वाटलेला अंगठा पोरानं घोड्यांना दिला, एवढंच झालं होतं. आणि त्या बापाला त्याच अंगठ्यापायी बोल लागला. भूपेंद्रला आधी हसू आलं. मग हसता हसता सुनीतीकाकूची तिरडी आठवली, फाडलेलं पत्र आठवलं, आणि तो पोरीसमोर ओक्साबोक्शी रडला. कसली अक्कड धरून बसलो आपण, आणि कशावर? साडेतीन इंचांवर! वरच्या फळीवर पुरावा ठेवला होता, एकदा टेप लावून पाहिला असता तरी पुरे होतं. पण स्वतःचं माप तपासायची वेळ दुकानदारावर येते कुठं? ते तर गिऱ्हाईक तपासतं.

शुक्रवारी सकाळी त्यानं धनंजयकडून नंबर घेतला. तीनदा लावला आणि तीनदा वाजायच्या आत कापला. चौथ्यांदा वाजू दिला.

"अन्या? भूपेंद्र बोलून राह्यलो. महादेव वस्त्र भांडार."

 पलीकडून रजिस्ट्रीच्या ऑफिसातला गलका ऐकू येत होता.

"माप चुकलं होतं," भूपेंद्र म्हणाला. "माहं."

कोणतं माप, असं अनयनं विचारलं नाही. तो म्हणाला, "हिंगणीचं?"

भूपेंद्रनं फोनवरच मान हलवली. "दुकानात येजो," तो म्हणाला.

"सहाची गाडी आहे माझी. साडेतीनला येतो."

साडेतीनला आला. डोक्याला टोपी, नाकावर जाड चष्मा, हातात चामड्याची बॅग. शटर भूपेंद्रनं मुद्दाम अर्ध्यावर ओढून घेतलं होतं. अनय वाकून आत आला, तसा उन्हाचा पट्टा त्याच्याबरोबर आत शिरला. गादीपाशी येऊन त्यानं न सांगता बूट काढले. गादीवरचं कापड पाहिलं आणि तिथंच उभा राहिला.

"मले उठता येत नाई," भूपेंद्र खुर्चीवरून म्हणाला. "अन् खाली बसताही येत नाई. बस तू." मग त्यानं तो गजाचा तुकडा मांडीवर ठेवून सगळं सांगितलं. अंगठा कसा दाबायचा, पलीकडून कसं धरायचं, टेप काय म्हणाला. काही लपवलं नाही. "तू खरं बोलत होता. छत्तीस वर्षं मी तुह्यावर उगाच डाव धरला. काकूच्या वेळी आलो नाई. तं आता तुह्या हातानं घोडे मागं घे. पाण्यात ठेव. मी हरलो, ते झालं पाहिजे." त्यानं तुकडा पुढं केला.

अनयनं तो घेतला. गादीवर गुडघे टेकले, सेलूच्या बाजारापाशी पहिलं टोक लावलं. मग टोकाला अंगठा दाबला. आणि पुढचं माप अंगठ्याच्या पलीकडून धरलं.

"अरे, अरे! काय करून राह्यला?"

"मोजतोय." दुसरं माप. अंगठा. पलीकडून.

"अंगठा कायले सोडला? तसंच तं चुकलं होतं!"

अनयनं वर पाहिलं नाही. "आई तीस वर्षं या दुकानातून कापड नेत होती. तिची पोलकी, बाबांचे पायजमे, माझा शाळेचा प्रत्येक शर्ट. दर मीटरला एक अंगठा जास्त. दरवेळी घरी येऊन म्हणायची, महादेवरावांकडचं कधी कमी पडत नाही. मी ऐकत होतो. गणिताच्या मास्तरचा पोरगा, पण कधी विचारलं नाही, का कमी पडत नाही." तिसरं माप झालं.  "आणि त्याच माणसासमोर ते बोललो. त्यातले चार अंगठे परत करतो भुप्या. जास्त नाहीत." चौथं माप घेऊन त्यानं अंगठा सोडला आणि चिंचोका ठेवला. नदीच्या पलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी. "घे. हिंगणी तुझी."

भूपेंद्रनं डोळे पुसले. नाक ओढलं. मग काय झालं त्याला कोण जाणे, वॉकर जमिनीवर दणकन आपटला. "ते काई नाई! नियम म्हंजे नियम! पाव गज म्हंजे नऊ इंच. घोडे पाण्यात!"

"नियम होता ज्याची फौज त्यानं मोजायची. मग तुझंच माप धरायला पाहिजे."

"आता तू मोजलं! मंग तुह्यासारखं मोज! टोकाला टोक लाव!"

"हे दुकान कोणाचं? महादेवरावांचं. मंग माप महादेवरावांचंच चालंन," अनय म्हणाला, आणि आपण 'मंग' म्हणालो, 'चालंन' म्हणालो, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. "हिंगणी तुही आहे म्हनून राह्यलो नं!"

"मले नको तुही फुकटची हिंगणी!"

"घ्याच लागंन!"

"काका, तुमची सहाची गाडी," अंजू मागच्या दारातून म्हणाली. कोणी ऐकलं नाही. एक खुर्चीवरून ओरडत होता, दुसरा गादीवर पालथा पडून नदीची रुंदी मोजत होता, आणि उन्हाची पट्टी सरकत सरकत नदीच्या काठापर्यंत आली होती. अंजूनं थोडा वेळ पाहिलं. मग ती आत गेली आणि आईला म्हणाली की जेवायला पाहुणे आहेत, चार पोळ्या जास्त लाट.